चार दिवसांचा उत्सव, बारा महिन्यांची जागा

भाताची कापणी आणि मळणी आटोपली, दिवाळी सरली, की झाडीपट्टीतील गावागावांत नाटकांचे मंडप उभे राहू लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील हा प्रघात जुना आहे. वडसा येथील नाट्यमंडळींशी बोलणी होतात, गावातील मोकळ्या जागेत पडदे लागतात, पंचक्रोशीतील सोयरेधायरे मुक्कामाला येतात आणि आदल्या दिवशी जेथे गुरे बसत होती ती जागा रात्रभर नाट्यगृह बनते. पहाटे नाटक संपते, मंडप उतरतो व जमीन पुन्हा मोकळी होते. या साध्या व्यवहारात सार्वजनिक जागेविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. एखाद्या मोकळ्या जागेत काय घडू शकते हे पाहण्यासाठी तेथे प्रथम इमारत बांधावी लागत नाही. थोड्या साधनांनी, थोड्या काळापुरती आणि सर्वांच्या संमतीने तिची रचना बदलून पाहता येते.

मोठ्या शहरांतून अलीकडे भरणारे रचनाकलेचे उत्सव याच तत्त्वावर उभे आहेत. वास्तुरचनाकार, शिल्पकार, चित्रकार, कारागीर आणि नागरिक एकत्र येतात व एखादा रस्ता, चौक, पुलाखालची जागा किंवा पडीक कोपरा काही दिवसांकरिता निराळ्या रीतीने वापरून दाखवतात. असे उत्सव म्हणजे केवळ करमणूक आहे की त्यातून गावाला कायमचे काही लाभते, हा प्रश्न नगरपरिषदांचे सदस्य, पंच, शिक्षक व अधिकारी यांच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. या प्रश्नाचा मागोवा मुंबई व पुणे येथील अनुभवाच्या आधारे घेऊन, चंद्रपूर व ऊर्जानगरसारख्या औद्योगिक वसाहतीस त्यातून काय घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

काळा घोडा : वाहनतळाचे स्थित्यंतर

या प्रकारचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उत्सव म्हणजे मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव. तो समजून घेण्यासाठी त्या जागेचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात पाडण्यात आली. तटाच्या जागी जे रस्ते झाले, त्यांपैकी एकाला ‘रॅम्पार्ट रो’ म्हणजे तटाची ओळ असे नाव मिळाले. आज तो के. दुभाष मार्ग म्हणून ओळखला जातो. १८७९ मध्ये या परिसरात राजपुत्र एडवर्ड यांचा काळ्या रंगाचा अश्वारूढ पुतळा बसविण्यात आला व त्यावरून लोकांनी सबंध भागालाच ‘काळा घोडा’ म्हणण्यास प्रारंभ केला. १९६५ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला. पुढे तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. पुतळ्याची मोकळी झालेली जागा मोटारी उभ्या करण्यासाठी वापरली जाऊ लागली.

या जागेच्या भोवती जहांगीर कलादालन, डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि वस्तुसंग्रहालय अशा नामवंत संस्था आहेत. असे असूनही दोन संस्थांच्या मधला रस्ता केवळ वाहनांच्या उपयोगाचा राहिला होता. १९९८ मध्ये या परिसराच्या जतनासाठी काळा घोडा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ पासून फेब्रुवारी महिन्यात उत्सव भरू लागला. उत्सवाच्या दिवसांत रस्ता वाहनांस बंद केला जातो. रस्त्यावर मांडणशिल्पे उभी राहतात, कारागीर आपल्या वस्तू मांडतात, पथनाट्ये होतात, ग्रंथालयाच्या बागेत साहित्यविषयक कार्यक्रम होतात व जाणकार मार्गदर्शक जुन्या इमारतींची ओळख करून देत लोकांना परिसरातून फिरवितात. नगररचना व वास्तुकला हा उत्सवाचा एक स्वतंत्र विभाग आहे. बहुतेक कार्यक्रमांना प्रवेशमूल्य नसते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण ज्या कलादालनाच्या पायऱ्या चढण्यास सामान्य माणूस संकोचतो, त्या कलादालनातील कला येथे रस्त्यावर त्याला भेटते.

उत्सवातून उभा राहणारा निधी परिसरातील जुन्या इमारतींची डागडुजी व रस्त्यावरील सुविधा यांच्याकडे वळविण्याचे धोरण संस्थेने ठेवले. २०१७ मध्ये त्याच परिसरात स्वाराविना असलेला काळ्या घोड्याचा नवा पुतळा उभारण्यात आला. जुना पुतळा एका राजपुत्राचा होता. नवा पुतळा परिसराच्या लोकप्रिय नावाचा आहे. वर्षातील नऊ दिवसांच्या उत्सवाने त्या भागाला आपली ओळख परत मिळवून दिली, असे म्हणता येईल.

या उदाहरणाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. काळा घोडा येथे संस्था, इमारती आणि रसिकवर्ग आधीपासून होता. असा संच प्रत्येक गावी नसतो. शिवाय उत्सव जितका यशस्वी, तितकी गर्दी, कचरा व आवाज यांचा भार रहिवाशांवर पडतो. तेव्हा मुंबईच्या उत्सवाची लहान प्रतिकृती अन्यत्र करणे हे ध्येय असू नये. घेण्याजोगी आहे ती त्यामागील रीत.

उत्सव ही एक चाचणी

ती रीत अशी की, कायमचा खर्च करण्यापूर्वी तात्पुरता बदल करून लोकांचा प्रतिसाद पाहावा. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी प्रथमच ‘पादचारी दिन’ पाळला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा गजबजलेला भाग वाहनांस बंद ठेवण्यात आला. दुकाने उघडी होती, रस्ता फक्त चालणाऱ्यांचा होता. पुढील वर्षीही हा उपक्रम झाला. रस्ता बंद केला तर व्यापार बुडेल की वाढेल, या वादाचा निकाल सभागृहातील भाषणांपेक्षा अशा एका दिवसाच्या प्रत्यक्ष अनुभवातून अधिक चांगला लागू शकतो. त्याच शहरात २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्यात आली आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ व बसण्याच्या जागा करण्यात आल्या. एकीकडे एका दिवसाचा प्रयोग व दुसरीकडे स्थायी नियम, असे दोन्ही अंगांनी काम झाले तरच बदल टिकतो.

परदेशांतील काही उदाहरणेही उद्बोधक आहेत. कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानीत १९७४ पासून रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून सायकली व पादचारी यांना मोकळे करून देण्यास प्रारंभ झाला. आज हे जाळे शंभराहून अधिक किलोमीटरचे आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २००५ मध्ये काही रचनाकारांनी मोटार उभी करण्याच्या एका जागेचे शुल्क यंत्रात भरले आणि तेथे मोटारीऐवजी हिरवळीचा तुकडा, एक बाक व एक झाड ठेवले. दोन तासांनी सारे आवरून ते निघून गेले. एका मोटारीच्या जागेत किती माणसे विसावू शकतात, हे त्या दोन तासांनी दाखवून दिले. न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये टाइम्स चौकातील रस्त्याचा भाग वाहनांस बंद केला, तेव्हा प्रारंभी तेथे स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्याच मांडल्या होत्या. लोक येऊन बसू लागले. पुढील वर्षी तो बदल कायम करण्याचा निर्णय झाला आणि कायमची फरसबंदी त्यानंतर आली.

याच शहरातील चौकांचा अभ्यास करून विल्यम व्हाइट यांनी १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. काही चौक गजबजलेले व काही ओस का, हे त्यांनी चित्रफितींच्या साहाय्याने तपासले. जेथे बसण्यास जागा असते तेथे माणसे बसतात, असा त्यांचा एक अतिशय साधा निष्कर्ष होता. आपल्या गावांतील पिंपळाच्या पाराने हे पूर्वीच सिद्ध केलेले आहे. सावली, टेकण्यापुरता ओटा, येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर पडेल अशी जागा आणि जवळ पाणी, एवढ्या सामग्रीवर पाराने पिढ्यान्‌पिढ्या गावाला एकत्र बसविले.

चंद्रपूरचा तट

मुंबईने आपला तट पाडला. चंद्रपूरने तो राखला. गोंड राजांनी बांधलेली, सुमारे ११ किलोमीटर घेराची ही तटबंदी आजही शहराला वेढून आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण या पाच खिडक्या शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत. तथापि, दीर्घ काळ तटावर झुडपे माजली होती, पायथ्याशी कचरा साचत होता व बुरुजांवर जाणे कठीण झाले होते. शहराच्या मध्यभागी एवढी मोठी सार्वजनिक वास्तू असूनही ती लोकांच्या वापरातून निसटली होती.

२०१७ च्या मार्च महिन्यात इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने तटाच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले. रोज सकाळी काही तास श्रमदान करीत हे काम दोनशेहून अधिक दिवस अखंड चालले. झुडपे व कचरा निघाल्यावर बुरूज मोकळे झाले आणि तटावरून चालत शहर पाहण्याची वाट खुली झाली. या कार्यास ‘उत्सव’ हे नाव कोणी दिले नव्हते. पण हरवलेली सार्वजनिक जागा लोकांच्या नजरेत परत आणणे हे रचनाकलेच्या उत्सवाचे जे मुख्य प्रयोजन, ते येथे फावडे व कुऱ्हाड यांनी साधले.

यात आणखी एक बोध आहे. हा तट केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित असून तेथे नव्या बांधकामास मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात बांधकामावर नियंत्रण आहे. या बंधनामुळे तटालगत काहीच करता येत नाही, अशी समजूत आढळते. वास्तविक जेथे बांधता येत नाही, तेथे मांडून उचलता येण्यासारखी रचनाच योग्य ठरते. पुरातत्त्व विभागाची अनुमती घेऊन शालेय मुलांच्या फेऱ्या, वेशींची माहिती देणारे सुटे फलक किंवा सायंकाळचे कथाकथन असे उपक्रम स्मारकाच्या दगडाला धक्का न लावता योजता येतील.

ऊर्जानगरचा प्रश्न

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस महाऔष्णिक विद्युत केंद्राची ऊर्जानगर ही वसाहत आहे. या केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त झाल्यानंतर व २०१६ मध्ये दोन नवे संच पूर्णपणे कार्यान्वित झाल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट झाली. केंद्राच्या शेजारी दुर्गापूरची कोळसा खाण आहे, इरई धरण आहे आणि ताडोबाच्या जंगलाची सलगता आहे. राज्याला वीज पुरविणाऱ्या या परिसरात सार्वजनिक जागेचा प्रश्न मुंबईपेक्षा निराळा आहे. येथे जागेची चणचण नाही. अडचण आहे ती वापराची व जबाबदारीची.

प्रथम उन्हाचा विचार करावा लागतो. चंद्रपूरचे तापमान मे महिन्यात ४६–४७ अंशांपर्यंत जाते. झाड नसलेले मैदान वर्षातील कित्येक महिने दिवसा निरुपयोगी असते. दुसरी बाब वेळेची. वीज केंद्राचे काम अहोरात्र पाळ्यांमध्ये चालते. सारे गाव एका वेळी मोकळे असते असे येथे होत नाही. म्हणून एकाच मोठ्या कार्यक्रमापेक्षा निरनिराळ्या वेळी वापरता येणाऱ्या लहान जागा अधिक उपयोगी पडतात.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि त्यापाठोपाठ दुर्गापूर भागात बिबट्याच्या हल्ल्यात एक किशोरवयीन मुलगा मृत्युमुखी पडला. वस्तीलगतची माजलेली झुडपे, उघड्यावर पडलेले खरकटे, त्यावर येणारी कुत्री व डुकरे आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्या, अशी ही साखळी असते. कोणीही वापरत नाही अशी जागा या प्रदेशात केवळ कुरूप दिसत नाही. ती जीवघेणी ठरू शकते. त्यामुळे मोकळ्या जागेची निगा हा येथे सौंदर्याइतकाच सुरक्षिततेचा विषय आहे. कोणती जागा माणसांनी वापरावी व कोणती वन्य प्राण्यांच्या वाटेसाठी सोडावी, हे वनविभागाच्या सल्ल्यानेच ठरविले पाहिजे.

चौथी बाब मालकीची. अशा वसाहतींच्या भागात एक पट्टा वीज कंपनीचा, दुसरा ग्रामपंचायतीचा, रस्ता एका खात्याचा व पलीकडील रान दुसऱ्या खात्याचे अशी स्थिती असते. दोन हद्दींच्या मधला तुकडा कोणीच झाडत नाही. उत्सवाचा खरा उपयोग येथे आहे. चार दिवसांच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने ही सर्व खाती एका बैठकीस येतात आणि जागा झाडण्याचे, दिवा लावण्याचे व खरकटे उचलण्याचे काम कोणाचे, हे कागदावर ठरते. उत्सव संपला तरी तो कागद उरतो.

आरंभ कसा करावा

असा उपक्रम योजताना पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

पहिली पायरी पाहणीची. शिक्षकांनी हे काम शाळेच्या अभ्यासक्रमाशी जोडावे. विद्यार्थ्यांनी दोरी व टेपने जागा मोजावी, प्रमाणबद्ध नकाशा काढावा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा व सायंकाळी चार वाजता सावली कोठवर पोहोचते ते नकाशावर आखावे. प्रत्येक वेळी जागेत किती स्त्रिया, पुरुष, मुले व वृद्ध आहेत, त्यांपैकी किती बसलेले व किती नुसते जाणारे आहेत, याची नोंद करावी. भूगोल, गणित व चित्रकला या तिन्ही विषयांचा पाठ यातून होतो आणि ग्रामपंचायतीस विश्वसनीय माहिती मिळते.

दुसरी पायरी विचारविनिमयाची. ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत ही नोंद मांडावी. जागेवर आधीपासून बसणारे भाजीवाले, चहावाले व फेरीवाले यांना प्रथम बोलवावे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. ज्या उत्सवासाठी त्यांना हटवावे लागते, तो सार्वजनिक जागेचा उत्सव म्हणता येणार नाही. स्त्रियांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे. कारण दिवा, स्वच्छतागृह व घरी परतण्याची वाट यांविषयीच्या त्यांच्या सूचना पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाहीत.

तिसरी पायरी रचनेची. साहित्य शक्यतो स्थानिक असावे. या दोन्ही जिल्ह्यांत बांबू विपुल आहे, बुरूड कारागिरांचे कसब आहे आणि चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूची सावलीछपरे, कमानी व सुटी आसने करता येतील. वीज केंद्राच्या राखेपासून होणाऱ्या विटांचे ओटे बांधणे सुलभ आहे. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी उतार करावयाचा झाल्यास एक फूट चढाला निदान बारा फूट लांबी ठेवावी. भिंतींवरील चित्रे बाहेरच्या चित्रकारांकडून करून घेण्याऐवजी मुलांनी स्थानिक कलावंतांच्या मार्गदर्शनाखाली काढली तर ती पुढे जपली जातात.

चौथी पायरी कार्यक्रमाची. तीन-चार दिवस पुरेसे आहेत आणि हिवाळा हा योग्य हंगाम होय. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवण्याचा नियम पाळावा. जंगलालगतच्या वस्तीत त्याहूनही लवकर कार्यक्रम संपवावा, जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवे लावावेत व रोजचे खरकटे त्याच दिवशी उचलावे. दंडार, भजन, कुस्ती, पाककृती, पुस्तकांची मांडणी यांपैकी गावाला जे जवळचे असेल ते घ्यावे.

पाचवी पायरी नेहमी राहून जाते. उत्सवानंतर एक महिन्याने व सहा महिन्यांनी विद्यार्थ्यांनी तीच मोजणी पुन्हा करावी. पूर्वी कोणी बसत नव्हते तेथे सायंकाळी चार म्हातारी माणसे बसू लागली असतील, मुली खेळावयास येत असतील, तर प्रयोग यशस्वी झाला. तेवढा भाग पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात कायम करावा. जे वापरले गेले नाही ते मोडून टाकण्यात कमीपणा मानू नये. तात्पुरत्या रचनेचा मोठा लाभ हाच की चूक स्वस्तात कळते.

मोजमाप कशाचे?

शासकीय अहवालांत उत्सवाचे यश उपस्थितीच्या आकड्यांवरून, पाहुण्यांच्या नावांवरून व छायाचित्रांवरून मोजण्याची प्रथा आहे. सार्वजनिक जागेच्या बाबतीत हे मोजमाप अपुरे पडते. काळा घोडा येथील उत्सवाचे फळ जतन झालेल्या परिसरात आहे, लक्ष्मी रस्त्यावरील दिवसाचे फळ तेथे निर्धास्तपणे चाललेल्या माणसांच्या अनुभवात आहे, आणि चंद्रपूरच्या तटावरील श्रमदानाचे फळ मोकळ्या झालेल्या वाटेत आहे.

झाडीपट्टीतील माणसाला मंडप उभारणे व उतरविणे शिकविण्याची आवश्यकता नाही. ते कसब त्याच्या अंगी आहे. मंडप उतरल्यानंतर जागा पुन्हा झुडपांच्या स्वाधीन होऊ नये, एवढी व्यवस्था ग्रामपंचायत, शाळा, वीज केंद्र व वनविभाग यांनी मिळून केली पाहिजे. पाळी संपवून सायकलीवरून घरी निघालेल्या कामगाराला वाटेत दोन घटका टेकावेसे वाटेल असा उजेडातला ओटा, आणि शाळेतून परतणाऱ्या मुलीला एकटीने ओलांडता येईल असे मैदान उरले, तर चार दिवसांच्या उत्सवाचे सार्थक झाले असे समजावे.